सरखेलांचं गोडं पाणी

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात शिरलेला माणूस आधी तोफा शोधतो. उत्तरेकडच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफा आहेत, आणि फोटोही तिथेच निघतात. जरा वाकून त्यांच्यावरची अक्षरं वाचली, तर यॉर्कशायरमधल्या लोखंडाच्या कारखान्याचं नाव दिसतं आणि साल दिसतं १८४९. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्रे गेले ४ जुलै १७२९ ला. म्हणजे या तोफा त्यांच्यानंतर एकशेवीस वर्षांनी ओतल्या गेल्या, आणि आंग्र्यांचं संस्थान इंग्रजांनी खालसा केलं त्यालाही तोवर नऊ वर्षं झाली होती. या तोफांनी सरखेलांचं काही पाहिलेलं नाही.

ज्याला कान्होजी हवे आहेत त्याने तोफांकडे पाठ करावी आणि गणपतीच्या देवळाकडे चालू लागावं. देवळासमोर पायऱ्यांची चौकोनी पुष्करणी आहे. देवळाच्या आवाराबाहेर तटाच्या बाजूला गोड्या पाण्याची विहीर आहे, तिच्यातही पायऱ्यांनी उतरता येतं. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि मधल्या खडकात पिण्याजोगं पाणी. आरमाराच्या त्या सगळ्या कर्तृत्वाला आधार होता तो या पाण्याचा. इतिहास सांगताना गुराबा आणि गलबतं ही लढाऊ जहाजं, तोफा, तह हे सगळं येतं, पण पाण्याचं नाव कोणी काढत नाही. म्हणून इथे ते आधी.

देवळाबद्दल एक चूक सर्रास होते, ती दुरुस्त करायला हवी. सिद्धिविनायकाचं हे देऊळ कान्होजींनी बांधलेलं नाही. किल्ल्याचं बांधकाम सुरू झालं १६८० मध्ये शिवाजीमहाराजांच्या हुकमाने, आणि ते पुरं झालं संभाजीमहाराजांच्या काळात. कान्होजींकडे आरमाराची सूत्रं आली १६९८ मध्ये, सिधोजी गुजरांच्या मृत्यूनंतर. पुढची तीस-एकतीस वर्षं कुलाबा हे त्यांचं मुख्य ठाणं होतं आणि त्यांचा शेवटही इथेच झाला. देऊळ उभं राहिलं १७५९ मध्ये, कान्होजींचे नातू राघोजी आंग्रे यांच्या हातून. म्हणजे किल्ला छत्रपतींचा, दरारा सरखेलांचा आणि देऊळ नातवाचं.

हे तीन थर सुटे केले की देवळाचा अर्थ जास्त उलगडतो. कान्होजींनंतर घरात भाऊबंदकी माजली आणि दौलत कुलाबा व विजयदुर्ग अशी दुभंगली. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून कान्होजींचे पुत्र तुळाजी यांचा विजयदुर्ग घेतला, आणि आरमाराची मोठी जहाजं तिथल्या बंदरात जळाली. त्यानंतर दोन वर्षांनी कुलाब्याचे मानाजी, म्हणजे कान्होजींचे दुसरे पुत्र, वारले आणि गादीवर त्यांचे चिरंजीव राघोजी आले. आणि लगेच पुढच्या वर्षी हे देऊळ. घराण्याची एक शाखा बुडालेली असताना दुसऱ्या शाखेने आजोबांच्या खडकावर दगडी देऊळ बांधावं, यात भक्ती आहेच, पण ‘ठाणं अजून आमचं आहे’ हे सांगणंही आहे, असं माझं मत आहे.

देवळात गणेशपंचायतन आहे: गणपती, शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी. पंचायतनात मधला देव बदलला की भोवतालच्या चौघांच्या जागाही बदलतात. गणपती मध्ये असेल तर ईशान्येला विष्णू, आग्नेयेला शंकर, नैर्ऋत्येला सूर्य आणि वायव्येला देवी, असा शास्त्रातला क्रम आहे. दर्शनाच्या घाईत समोरचा गणपती पाहून हात जोडले जातात आणि बाकीचे चौघे राहून जातात. तिथे दोन मिनिटं थांबावं. किल्ल्यात भवानी आणि पद्मावतीची ठाणी आहेत, एक दर्गाही आहे. आरमारावर कोण कोण चाकरीला होतं, याची ती खूणच आहे.

आता पाण्याकडे. एक विहीर असताना पुन्हा पुष्करणी कशाला, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. त्याचं उत्तर कान्होजींच्याच काळात लिहिल्या गेलेल्या ‘आज्ञापत्र’ या राज्यकारभारावरच्या ग्रंथात आहे. रामचंद्रपंत अमात्य दुर्गांबद्दल लिहिताना आधी पाणी पाहा आणि मग किल्ला बांधा असं बजावतात. पुढचा मुद्दा आणखी मोलाचा आहे: झरा आहे, पाणी पुरतंय, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. झुंज लागली की तोफांच्या दणक्यांनी झरे आटतात, आणि नेमका त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून तळी-टाकी बांधून साठा वेगळा राखा. विहीर म्हणजे जिवंत झरा, पुष्करणी म्हणजे साठवण. एकाने दगा दिला तर दुसरं हाताशी. कुलाब्यावर ही दोन्ही एकमेकांपासून थोड्या पावलांवर आहेत.

पण समुद्रातल्या खडकात पाणी गोडं राहतं कसं? यात चमत्कार नाही, हिशेब आहे. किल्ल्याची लांबी उत्तर-दक्षिण सुमारे ९०० फूट आणि रुंदी पूर्व-पश्चिम सुमारे ३५० फूट. म्हणजे ढोबळमानाने एकोणतीस हजार चौरस मीटर जागा. या किनाऱ्यावर वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. तटाच्या आत पडणारं पाणी झालं पाच कोटी ऐंशी लाख लिटर. त्यातलं बरंचसं वाहून जातं, काही उन्हाने उडतं. फक्त दहावा हिस्सा मुरला किंवा साठला असं धरू, तरी अठ्ठावन्न लाख लिटर राहतं. आता खर्च पाहू. किल्ल्यात पाचशे माणसं धरा, पिण्याला आणि शिजवायला माणशी दहा लिटर धरा, आणि दसऱ्यापासून मृगापर्यंतचे दोनशे चाळीस दिवस धरा. लागतं बारा लाख लिटर. आकडे अदमासाचे आहेत, पण प्रमाण लक्षात येतं. पाऊस धरून ठेवता आला तर खडक माणसं पोसू शकतो.

मुरलेलं पाणी खाली जाऊन समुद्राच्या पाण्यात मिसळून का जात नाही? गोडं पाणी हलकं, खारं जड. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा शेकडा अडीच भाग जड असतं. त्यामुळे बेटाच्या पोटात गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, दुधावर साय धरावी तसं. समुद्राच्या पातळीच्या वर जर गोडं पाणी एक फूट उभं असेल, तर पातळीच्या खाली त्याचा थर साधारण चाळीस फुटांपर्यंत जातो. हे गणित वाळूच्या बेटाला नीट लागू पडतं. कुलाब्याचा खडक काळा पत्थर आहे, त्यात पाणी भेगांमधून आणि थरांमधून फिरतं, म्हणून आकडा तंतोतंत जुळणार नाही. तत्त्व मात्र हेच.

आणि हेच गणित उलटं फिरलं की विहीर बिघडते. वरून एक फूट पाणी झपाट्याने उपसलं, तर खालचं खारं पाणी चाळीस फूट वर यायला बघतं. म्हणून किनाऱ्याजवळच्या विहिरीतून पाणी थोडं थोडं काढायचं असतं. अलिबाग, नागाव, चौल या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये पूर्वी नारळी-पोफळींचं शिंपणं रहाटावर चाले. रहाट पाणी काढतो संथपणे, तेवढ्यात झरा भरून येतो. मोटर अर्ध्या तासात तळ दाखवते. पहिल्या वर्षी कळत नाही, दुसऱ्या वर्षी पाण्याला मचूळ चव येते, मग सुपारीची पानं टोकाला करपू लागतात. अशा वेळी आणखी खोल खणणं हा सगळ्यांत वाईट उपाय, कारण खाली गोडं पाणी नाहीच. उपसा थांबवावा, पावसाचं पाणी विहिरीच्या आसपास मुरेल अशी सोय करावी आणि एक-दोन पावसाळे धीर धरावा. अशा विहिरीत भरतीच्या सुमारास पाणी थोडं वर चढलेलं दिसतं. ते वाढलेलं नसतं, खालून ढकललेलं असतं. त्या भरवशावर जास्तीचे पोहरे काढू नयेत.

पाण्याचा हा मुद्दा कळला की लढाईही वेगळी दिसू लागते. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर आले. सुमारे सहा हजारांची फौज होती, आणि समुद्रात कमोडोर मॅथ्यूजची लढाऊ जहाजं. शाहूमहाराजांकडून बाजीराव आणि पिलाजी जाधव घोडदळ घेऊन मदतीला आले. मोहीम फसली आणि पोर्तुगिजांनी तह केला. या विजयाचं श्रेय शौर्याला, मुत्सद्देगिरीला द्यायलाच हवं. पण मोठ्या जहाजांना या उथळ, खडकाळ किनाऱ्याजवळ येता येत नव्हतं, आणि सरखेलांची गलबतं कमी पाण्यातही वल्ह्यांवर हलत होती, हेही तितकंच खरं. वेढा लांबला तर किल्ल्याला तहानेने शरण यायची वेळ येणार नव्हती. वेढा घालणाऱ्यांच्या पिंपातलं पाणी मात्र रोज कमी होत होतं.

परदेशी कागदांत कान्होजींना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हटलेलं आढळतं. ते छत्रपतींचे सरखेल होते, आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना, देत होते आणि दस्तक नसलेलं जहाज पकडत होते. पोर्तुगीज असाच परवाना, कार्ताझ, देत होते तेव्हा त्यांना कोणी चाचे म्हटलं नाही.

किल्ल्यात जायचं तर भरती-ओहोटीचं गणित यावंच लागतं. आणि ते गणित तिथीत आहे, घड्याळात नाही. मुंबईपासून या किनाऱ्यापर्यंत चालणारा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तासांनी पूर्ण ओहोटी, ज्याला कोळी सुकती म्हणतात. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती आणि सकाळी सव्वाआठला सुकती. पंचमीला पावणेचारला भरती, पावणेदहाला सुकती.

आणि चतुर्थीला? चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, सकाळी नऊला सुकती. गणपतीच्या तिथीला सकाळी नऊ वाजता समुद्र बाजूला होतो आणि गणपतीकडे जायची वाट उघडते. विनायकी असो की संकष्टी, शुद्ध पक्ष असो की वद्य, वेळ तीच. माघातल्या गणेशजयंतीला तर हवाही थंड असते. हा योग कोणी ठरवून आणलेला नाही, समुद्राच्या आणि चंद्राच्या हिशेबात तो आपोआप बसला आहे. मला या किल्ल्याची सगळ्यांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

अष्टमीला मात्र लोक फसतात. आठाची पाऊणपट सहा, म्हणून सुकती दुपारी बाराला. वेळ सोयीची दिसते, जेवून जाऊन येऊ असं वाटतं. पण अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी असतं. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साधारण साडेतीन मीटरच्या वर जातो, तर भांगाला दीड मीटरच्या घरात राहतो. म्हणजे भांगाची सुकती उधाणाच्या सुकतीपेक्षा एक मीटरभर उंच थांबते. कंबरेच्या वरचं पाणी झालं ते. घड्याळ सुकतीची वेळ दाखवतं आणि समोर वाट नसते. पौर्णिमा-अमावास्येला फरक मोठा असतो, पण सुकती पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचला येते. थंडीत संध्याकाळची सुकती धरली तर परतीत अंधार पडतो. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर दीड-दोन दिवस टिकतो, म्हणून तृतीया ते पंचमी या तीन तिथी चालत जायला सगळ्यांत बऱ्या.

ठोकताळा अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, त्यामुळे भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक ताडून पाहावं. सुकतीच्या तासभर आधी निघावं आणि सुकती झाल्यावर तासाभरात परतीची वाट धरावी. पाणी परत येताना समोरून लाट बनून येत नाही. आधी खोलगट पट्ट्यांमध्ये गुपचूप भरतं. पुढची वाळू कोरडी दिसत असते आणि मधला पट्टा गुडघाभर झालेला असतो. पायात चप्पल नको, पट्ट्याचे सँडल हवेत, कारण खडकांवर कालवांच्या शिंपा असतात आणि त्या ब्लेडसारख्या कापतात. चालायचं नसेल तर सुकतीला घोडागाडी असते. पावसाळ्यात हा नाद करूच नये.

किल्ल्याजवळ पोचलात की लगेच आत शिरू नका, तटाचा पाया बघा. मोठमोठे दगड एकावर एक रचलेले आहेत आणि सांध्यात चुना नाही. हे काम अर्धवट राहिलेलं नाही, तसंच करायचं होतं. लाट आपटते तेव्हा पाणी फटींमध्ये शिरतं, आत फुटतं आणि त्याच फटींतून निथळून जातं. भिंत सलग असती तर सगळा मार तिने अंगावर घेतला असता. अशा बांधकामात कोणी सद्हेतूने सिमेंट भरलं तर फटी बुजतात, मागचं पाणी अडकतं, मीठ दगडाच्या आत सुकून खडे धरतं आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. दुसरा वैरी पिंपळ आणि उंबर. पक्ष्याने टाकलेली बी सांध्यात रुजते, मूळ पाचरीसारखं काम करतं. वरचा फुटवा तोडला की मूळ चिडून जास्त जाड होतं. रोप वीतभर असतानाच मुळासकट काढणं, एवढाच उपाय. मोठं झाल्यावर मूळ ओढलं तर दगडच बाहेर येतो.

विहिरीची आणि पुष्करणीची निगा वेगळी. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तेव्हा परस्पर काही करायचं नाही. पण कोकणातल्या कुठल्याही देवळाच्या विहिरीला लागू पडेल अशी रीत सांगता येते. गाळ काढायचा तो वैशाखात, पाणी सर्वांत खाली असताना. पाणी पूर्ण उपसून विहीर कोरडी करू नये. आतल्या पाण्याचा भिंतींना टेकू असतो, तो एकदम काढला तर बाहेरच्या दाबाने बांधणी आत सरकते, आणि किनाऱ्यावर खारं पाणी शिरतं ते वेगळंच. कंबरभर पाणी ठेवून, एका बाजूचा गाळ काढून मग दुसऱ्या बाजूला जावं. उतरण्याआधी दोरीला पेटता कंदील बांधून तळापर्यंत सोडावा. ज्योत मंदावली किंवा विझली तर माणूस उतरवायचा नाही, काही झालं तरी नाही. आणि एकट्याने कधीच उतरायचं नाही.

पाणी नासतं ते बहुतेक वेळा निर्माल्याने. फुलं, दूर्वा, हळदकुंकू, तेलाच्या वाती, हे सगळं पाण्यात कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, मासे मरतात आणि हिरवट साय धरते. मासे गेले की डास आलेच. पुष्करणीत दूर्वा सोडल्याने गणपती प्रसन्न होत असेल, तर ती दूर्वा देवळाबाहेरच्या झाडाच्या मुळाशी घातल्यानेही होईल. नाणीही टाकू नयेत.

इंग्रजांनी संस्थान खालसा केल्यानंतर १८४२ मध्ये किल्ल्यातलं लाकूडकाम लिलावात विकलं, आणि इथले दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामाला नेले. वाडे आधीच आगींनी गेले होते, १७८७ च्या आगीत आंग्र्यांचा मोठा वाडा जळाला होता. उरलंसुरलं असं गेलं. देऊळ, पुष्करणी आणि विहीर राहिली, कारण देवाला आणि पाण्याला लोकांनी हात लावू दिला नसावा, असं मला वाटतं. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यात खांदेरी आहे, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत. कुलाबा नाही. सरखेलांचं राहतं ठाणं त्यातून सुटावं याचं वाईट वाटतं. मुंबईत नौदलाच्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव १९५१ मध्येच मिळालं, त्याचा अभिमान आहे.

कान्होजींची समाधी किल्ल्यात नाही, अलिबाग गावात आहे. किल्ला पाहून पाणी चढायच्या आत परतलात की तिथे जायला वेळ उरतो. समाधीवर वाहायला फुलं नकोत. किल्ल्यातल्या विहिरीचं पाणी काढलेलं मिळालं, तर तांब्याभर घेऊन यावं आणि तेच तिथे घालावं.